शोषखड्डा मुरमात घ्यावा की काळ्यात?

मळ्यात घर बांधताना संडासाचा शोषखड्डा, म्हणजे मैलपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, गवंडी दाखवेल तिथे खणला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, घराची लाइनदोरी मारण्याआधी खड्ड्याची जागा ठरवा.

शिंदखेड्याकडच्या आमच्या मळ्यात दोन जागा होत्या, बांधाजवळची काळी आणि टेकाडाचा मुरूम. वैशाखात काळ्यात हंडाभर पाणी ओतलं, ते भेगांतून गडप झालं. सगळे खूश! श्रावणात तीच माती फुगली, भेगा मिटल्या आणि पाणी दोन दिवस तसंच तुंबून राहिलं. म्हणून परीक्षा भिजल्या मातीचीच घ्यावी. वीतभर रुंद खड्डा शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत न्या, तळाला थोडी खडी टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी पुन्हा पाणी घालून पट्टीने मोजा. अडीच सेंटिमीटर उतरायला 30 मिनिटांपेक्षा कमी लागली तर शोषखड्डा चालेल. 30 ते 60 लागली तर उथळ, लांब चर बरा. त्याहून जास्त लागली तर दोन्ही सोडा आणि सेप्टिक टाकीतून निघणारं पाणी पक्क्या तळाच्या, खडी भरलेल्या कर्दळीच्या वाफ्यात घ्या.

मुरूम पाणी चटकन पितो, पण धोकाही तिथेच आहे. खालच्या खडकाला चिरा असल्या तर मैलपाणी न गाळता थेट विहिरीत उतरतं. विहिरीपासून किमान 10 मीटर अंतर सांगतात, ते मातीसाठी ठीक. चिरांच्या खडकात मी 30 मीटर सोडीन, तेही विहिरीच्या उताराकडच्या अंगाला. पाण्याची पातळी पोळ्यानंतर, विहीर भरलेली असताना बघा. खड्ड्याचा तळ त्या पाण्यापासून 2 मीटर तरी वर हवा. रावेर-यावलकडे तापीच्या गाळात पाणी खोल असल्याने ही अट सहज पाळता येते.

सेप्टिक टँक की आलटून-पालटून वापरायचे दोन शोषखड्डे? टाकीतून निघणारं पाणी शुद्ध असतं, हा मोठा गैरसमज आहे. टाकीत गाळ खाली बसतो, रोगजंतू पाण्याबरोबर बाहेर पडतात. शिवाय दोन-तीन वर्षांनी उपसायला गाडी बोलवावी लागते. मुरूम आणि खोल पाणी असेल तर दोन खड्डे स्वस्त आणि सोपे. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा साधारण 3 वर्षं पुरतो. तो भरला की दुसरा चालू करायचा; दोन वर्षांनी पहिल्यातलं भुसभुशीत, वास नसलेलं खत शेतात जातं. मात्र न्हाणीचं पाणी त्यात सोडू नका. भारी काळ्यात दोन खड्डे पावसाळ्यात तुंबतात, तिथे टाकी आणि वाफाच घ्या.

आम्ही टेकाड घेतलं. पाइप लांबला, खर्च थोडा वाढला, पण विहीर वरच्या अंगाला राहिली.