दर महिन्याचे आयात-निर्यातीचे आकडे: फुकट आहेत, पण गरमगरम गिळू नका

रेटिंग ५ पैकी साडेतीन. म्हणाल सरकारी प्रेस नोटचा कसला रिव्ह्यू, पण आपण वापरतो तर लिहायला काय हरकत आहे.

मी न्हावा शेवाला कस्टम ब्रोकरकडे कामाला आहे, दिवसभर शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचा) हेच. या कागदांची देशभरची बेरीज होऊन वाणिज्य मंत्रालय साधारण १५ तारखेच्या आसपास आकडे काढतं, हे माहीत असूनही कधी उघडून बघितलं नव्हतं. मुलगी बाहेर शिकायला गेली, डॉलरचा भाव घरात कांद्याच्या भावासारखा विचारला जायला लागला, मग सुरू केलं.

चांगलं आधी सांगतो. एक पैसा लागत नाही, आणि महिना संपल्यावर पंधरा दिवसांत हातात. पेट्रोलियम आणि जेम्स-ज्वेलरी वगळूनचा आकडा वेगळा देतात, मी तोच आधी बघतो, कारण तेलाचा भाव हलला की सगळी बेरीज हलते आणि कारखान्यांचं खरं काय चाललंय ते कळतच नाही. सेवांचे आकडेही सोबत असतात, फक्त ताज्या महिन्याचा सेवांचा आकडा अंदाज असतो, ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे बघणं गरजेचं आहे, कारण २०२४-२५ मध्ये नुसत्या वस्तूंची तूट (म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जितकी जास्त तेवढी रक्कम) २८३ अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती सेवा धरल्या की ९५ अब्जाच्या आसपास येते. बातमीत मात्र मोठा आकडाच येणार.

आता दीड स्टार का कापला. नोव्हेंबर २०२४ चे आकडे आले त्यात सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलर, तूट ३७.८ अब्ज, विक्रमी. त्याच आठवड्यात रुपया ८५ च्या पलीकडे (अमेरिकेतल्या व्याजदराचंही कारण होतंच म्हणा). आमच्या ग्रुपवर एका पैसे घेऊन टिप्स देणाऱ्या चॅनेलचा मेसेज फिरला की आता रुपया गेला, आणि मी घाबरून मुलीची पुढची फी महिनाभर आधी भरून टाकली. जानेवारीत कळलं की सोनं ९.८ अब्जच होतं! सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्रांचा) डेटा नवीन सिस्टीमवर नेताना तेच सोनं दोनदा मोजलं गेलं, एकदा सेझमध्ये येताना आणि परत तिथून बाहेर पडताना. आमच्याकडे एका बिल ऑफ एंट्रीत एक शून्य चुकलं तर साहेब दिवसभर डोकं खातात, इथे पाच अब्ज डॉलर.

गंमत म्हणजे फेब्रुवारीत रुपया ८७ च्या पुढे गेला आणि लवकर भरलेल्या फीत माझा फायदाच झाला. बायकोला वाटतं नवऱ्याला इकॉनॉमी कळते, मी काही बोललो नाही.

अजून एक, तूट कमी म्हणजे बरं चाललंय असं धरू नका. जून २०२० मध्ये १८ वर्षांत पहिल्यांदा तूट जाऊन थोडी शिल्लक दिसली होती, ०.७९ अब्ज. का, तर लॉकडाऊनमध्ये कोणी काही मागवतच नव्हतं, तेल स्वस्त, सराफांची दुकानं थंड. तेव्हा आमच्या ऑफिसात माशा मारायचं काम होतं. उलट मशिनरी आणि कच्चा माल येऊन तूट वाढली तर मला तरी तेवढी भीती वाटत नाही. आणि आयातीत जहाजभाडं-इन्शुरन्स धरतात, निर्यातीत नाही, त्यामुळे दरी मुळातच जरा रुंद दिसते.

ऑक्टोबर २०२५ ला परत सोनं १४.७ अब्ज आणि तूट ४१.७ अब्ज आली. यावेळी दिवाळीही त्याच महिन्यात होती आणि सोन्याचा भावही आभाळाला भिडलेला, म्हणजे पटण्यासारखं होतं, पण दुधाने तोंड पोळलंय, मी पुढच्या महिन्याचा सुधारित आकडा येईपर्यंत गप्प बसलो. फी आता ज्या महिन्याची त्याच महिन्यात.