पवनचक्कीच्या पात्यांवरचे दोष: न्यूरल नेटवर्क ड्रोनवर चालवावं की खाली लॅपटॉपवर?

पाती तपासायला ड्रोन वापरायचा हे ठरलं की पुढचा प्रश्न खर्चाचा असतो. तडे, झिजलेली पुढची कड, वीज पडल्याच्या खुणा ओळखायला फोटोंवरून शिकवलेला प्रोग्राम, म्हणजे न्यूरल नेटवर्क, ड्रोनवरच्याच छोट्या संगणक-बोर्डावर बसवायचं, की फोटो खाली आणून बघायचे?

आधी पिक्सेलचा हिशेब करा. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने नॉर्डटँक टर्बाइनचे २०१७ आणि २०१८ मधले ड्रोन-फोटो सगळ्यांसाठी खुले केले आहेत. तिथला फोटो ५२८० बाय २९७० पिक्सेलचा, आणि फोटोत वस्तू शोधणारं योलोसारखं मॉडेल (तयार नेटवर्क) सहसा ६४० बाय ६४० चं चित्र घेतं. अख्खा फोटो तेवढा आकसवला, तर तीन पिक्सेल रुंदीचा तडा अर्ध्या पिक्सेलपेक्षाही बारीक होतो. मॉडेल कितीही चांगलं असो, त्याला तो दिसणारच नाही. म्हणून फोटोचे तुकडे पाडावे लागतात: ९ गुणिले ५, म्हणजे ४५. तडा दोन तुकड्यांच्या सीमेवर निसटू नये म्हणून ते एकमेकांवर थोडे चढवले, की संख्या आणखी वाढते. सेकंदाला ३० तुकडे उरकणारा बोर्डही एका फोटोला दीड सेकंदाहून जास्त घेणार.

बोर्डांमध्ये माझं मत एनव्हिडियाच्या जेटसन ओरिन नॅनोच्या बाजूने आहे. ८ जीबीचा हा बोर्ड मुळात ७ ते १५ वॉटवर ४० टॉप्स (सेकंदाला इतक्या लाख कोटी आकडेमोडी) देणारा. डिसेंबर २०२४ च्या ‘सुपर’ सुधारणेनंतर २५ वॉटवर ६७ टॉप्स. पण हे वॉट ड्रोनच्या बॅटरीतूनच जातात. गूगल कोरल हा छोटा एआय-चिपवाला बोर्ड सुमारे २ वॉटवर ४ टॉप्स देतो, मात्र त्यावर फक्त ८ बिटांचं, म्हणजे आतले आकडे ढोबळ केलेलं मॉडेल चालतं. काळी पडलेली, जळकी खूण त्यातही ओळखू येईल. फिकट भेगेबाबत मला तो भरवसा नाही. जुना जेटसन नॅनो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्याचं सॉफ्टवेअर उबुंटू १८.०४ या २०१८ च्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच अडकलं आहे.

लॅपटॉपवर वजनाची आणि वॉटची चिंता नाही. मोठं मॉडेल, पूर्ण रिझोल्यूशन, गेल्या वर्षीच्या फोटोंशी तुलना, सगळं जमतं. अडचण एकच: फोटो हललेला निघाला किंवा पात्याचा एखादा भाग सुटला, हे कळेपर्यंत चक्की पुन्हा सुरू झालेली असते. ती परत थांबवायची म्हणजे युनिट बुडतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यातल्या जोरदार वाऱ्यात तर ते फारच महागात पडतं.

म्हणून साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या ३५० किलोवॅटच्या जुन्या चक्क्यांसाठी लॅपटॉप पुरे; पाती लहान, फोटो कमी. सुझलॉन एस१२० सारख्या १२० मीटर व्यासाच्या चक्कीवर मात्र ड्रोनवरचा बोर्ड पैसे वसूल करतो. पण तिथेही त्याच्याकडे फोटो स्पष्ट आहे का आणि पातं पूर्ण टिपलं का, एवढंच काम द्या. दोष किती गंभीर आहे हे खालीच, माणसाच्या नजरेखाली ठरू दे. अशा चक्कीचं टोक १२० मीटरच्या बरंच वर जातं, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत हरित क्षेत्राची, म्हणजे ड्रोन उडवायला मोकळ्या ठेवलेल्या भागाची, विनापरवानगी उंचीची मर्यादा १२० मीटरच आहे. परवानगीचा वेळ दोन्ही पर्यायांत धरा.

पृष्ठभागाखाली सुटलेले थर साध्या फोटोत दिसत नाहीत. त्यासाठी ठोकून किंवा अल्ट्रासाउंडने तपासणी वेगळी करावी लागते.

विक्रेत्याला सरासरी अचूकता विचारू नका. प्रत्येक प्रकारचे किती दोष सुटले, ते विचारा, आणि चाचणीतल्या चक्क्यांचे फोटो मॉडेलला शिकवताना वापरले नव्हते ना, हे लेखी घ्या.