स्टॉकहोमची दिवसभराची पायी सहल : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून स्टॉकहोमला राहायला आलो. पहिल्याच शनिवारी एका ग्रुपबरोबर दिवसभराची पायी सहल केली आणि त्याच रात्री पाचपैकी तीन स्टार देऊन मोकळी झाले. आता मे उजाडलाय. ते स्टार आज मला चुकीचे वाटतात.

तेव्हाच्या तक्रारी मात्र खऱ्याच होत्या. ग्रुपमध्ये बावीस माणसं. कानात घालायला दिलेलं यंत्र इतकं खरखरत होतं, की मागे राहिलं की निम्मं बोलणं हुकायचं. जेवायला पाऊण तास ताटकळलो आणि तो सगळा वेळ शेवटी वासा या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयातून कापला गेला. तिथे मिळाली पन्नास मिनिटं! ६४ तोफांचं हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघालं आणि साधारण १३०० मीटरवर बुडालं. वरचा भाग जड, तळाशी भार अपुरा. वाऱ्याच्या झोताने कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढलं. बाल्टिक समुद्राचं पाणी फारसं खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे तगत नाही, म्हणून लाकूड शाबूत राहिलं. मी नंतर एकटी गेले तेव्हा साडेतीन तास कसे गेले कळलं नाही.

पण त्या दिवसाने काय दिलं, ते हळूहळू कळत गेलं.

गामला स्तान म्हणजे इथलं जुनं गाव. तिथल्या स्तूरतोरयेत चौकात आमची गाइड बराच वेळ थांबली. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने इथे ऐंशीहून अधिक माणसांची कत्तल केली. मारल्या गेलेल्यांत गुस्ताव वासाचे वडील होते. पुढे गुस्तावने डेन्मार्कविरुद्ध उठाव केला आणि १५२३ मध्ये तो स्वीडनचा राजा झाला. संध्याकाळी आम्ही जे जहाज पाहिलं, ते त्याच्या नातवाने बांधवून घेतलेलं. सकाळचा चौक आणि संध्याकाळचं जहाज असं एका घराण्याने जोडलेलं पायी चालताना समजलं. मी पुस्तक घेऊन हिंडले असते, तर ही दोन वेगवेगळी ठिकाणं म्हणून पाहिली असती.

तिथून जवळच, प्रेस्तगातान रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका घराच्या भिंतीत रूनलिपीतला, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला, शिलालेख बसवलेला आहे. खाली एक जुनी तोफ उभी पुरलीय, गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. आईवडिलांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला तो दगड, पुढे कुणीतरी बांधकामात वापरून टाकला. आपल्याकडे देवळाच्या ओवरीत किंवा पाराच्या कट्ट्यात चिणलेला वीरगळ दिसतो ना, अगदी तसाच. परक्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा मला ओळखीचं काही भेटलं. अजूनही त्या बाजूला गेले, की वाट वाकडी करून मी तो बघून येते.

सिटी हॉलमधला ब्ल्यू हॉल निळा नाही. वास्तुकार राग्नार ओस्टबर्ग यांना विटांचा लाल रंगच इतका आवडला, की त्यांनी निळा रंग दिलाच नाही. नाव तेवढं राहिलं. १० डिसेंबरला टीव्हीवर नोबेलची मेजवानी पाहताना त्याच विटा, तोच जिना ओळखीचा वाटला आणि खूप बरं वाटलं.

एप्रिलमध्ये आई-बाबा आले. त्यांना मी तोच सगळा रस्ता दोन दिवसांत, बसत-उठत दाखवला. मोर्टेन त्रोत्सिगचा बोळ सर्वांत अरुंद जागी ९० सेंटीमीटर आहे. त्याच्या ३६ पायऱ्या बाबांनी दोनदा थांबून चढल्या. फिनिश चर्चमागच्या अंगणात चंद्राकडे बघत बसलेला लोखंडी मुलगा आहे, जेमतेम १५ सेंटीमीटर उंचीचा. थंडीत लोक त्याला टोप्या विणून घालतात. आईने उरलेल्या लोकरीची टोपी आदल्या रात्रीच विणून ठेवली होती. वाकून, हातमोजा काढून, तिने ती नीट कानांवर ओढून बसवली.

म्हणून आता साडेचार स्टार. सहल घ्यायचीच असेल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवशी घ्या, शेवटच्या नको. पैसे भरण्याआधी ग्रुपमध्ये किती जण असतील ते विचारा. बारा-पंधरापेक्षा जास्त असतील तर दुसरी बघा. वासा सहलीत असेल तरी त्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवा. जुन्या गावालगतच्या स्लुसेनहून यूरगोर्डेनला, म्हणजे वासा संग्रहालय असलेल्या बेटावर, बोट जाते, बस-मेट्रोचं तिकीट तिला चालतं. बूट जाड तळव्याचेच हवेत, जुन्या गावातली दगडी फरसबंदी पातळ तळव्यातून टोचत राहते. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. आणि डिसेंबरात येणार असाल तर सकाळीच सुरू होणारी सहल निवडा, इथे तेव्हा दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो.