डिकॅपिटेटर, आठ महिन्यांनंतर: गाणाऱ्याच्या आवाजाला थोडी खरखर

साउंडटॉइजचा डिकॅपिटेटर, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज मुद्दाम थोडा फाडणारा प्लग-इन, घेतला होता गिटारसाठी. आता रोज लागतो तो गायकाच्या ट्रॅकवर.

पहिला महिना फुकट गेला, आणि चूक माझीच. ड्राइव्ह (आवाज किती फाडायचा तो नॉब) सहावर, वर तो आणखी फाडणारं ‘पनिश’चं बटण दाबलेलं. एका शाहिराला पोवाड्याचं मिक्स ऐकवलं, तर तो म्हणाला, “दादा, त्या दिवशी माझा घसा बसला होता का?”

आजही ड्राइव्ह सहावरच असतो. फक्त पनिश बंद आणि मिक्सचा नॉब, म्हणजे मूळ आवाजात फाटलेला किती मिसळायचा तो, २० टक्क्यांवर. मूळ आवाज शाबूत राहतो, फाटलेला आवाज त्याच्या पोटात शिरतो. ‘ऑटो’ मात्र चालू ठेवाच. नाहीतर ड्राइव्हबरोबर आवाजही मोठा होतो, आणि मोठं ते आपल्याला चांगलंच वाटतं.

मोड एकूण पाच, प्रत्येक कुठल्या तरी स्टुडिओ-यंत्राच्या आवाजावरून घेतलेला. ‘ए’ अँपेक्सच्या टेप प्रीअँपवरून, ‘एन’ नीव्हवरून, ‘ई’ ईएमआयच्या जुन्या चॅनलच्या वळणाचा. मी रमलो ते ‘टी’ आणि ‘पी’मध्ये. दोन्ही कल्चर व्हल्चर या व्हॉल्व्हच्या यंत्रावरून घेतलेले, पहिला त्याच्या ट्रायोड जोडणीवरून, दुसरा पेंटोड जोडणीवरून. ‘टी’त सम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर, ठळक येतात. गायकाचा सा २२० हर्ट्‌झवर असेल तर ४४०, म्हणजे वरचा सा, जागा होतो आणि आवाज भरदार वाटतो. ‘पी’त विषम (तिप्पट, पाचपट) हार्मोनिकचा जोर, म्हणून ६६०चा पंचम वर येतो, तो जरा चावरा. पोवाड्याला ‘पी’, भावगीताला ‘टी’. भजनाला मी हा लावतच नाही.

खरी डोकेदुखी आपल्या ‘श’ आणि ‘स’ची. ‘शिवशाही’ हा एकच शब्द ऐका, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो. त्यामुळे डी-एसर (‘श’-‘स’ची धार कमी करणारा) आधी, डिकॅपिटेटर नंतर, आणि त्याच्या आतला हाय कट (वरचे तीक्ष्ण सूर कापणारा) ७ किलोहर्ट्‌झच्या आसपास. डिकॅपिटेटरआधी हलका कॉम्प्रेसरही (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) हवा. नाहीतर हळू ओळी स्वच्छ राहतात आणि चढ्या ओळी फाटतात.

गायकाच्या माइकमध्ये पेटी शिरली असेल तर डिकॅपिटेटरला हात लावू नका. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे भलतेच सूर निघतात. पेटी वेगळी रेकॉर्ड करा.

परवा त्याच शाहिराला नवं मिक्स ऐकवलं. काही बोलला नाही. मी गुपचूप मिक्सचा नॉब शून्यावर आणला, तेव्हा वळून म्हणाला, “आत्ता काय काढलंत?”