नवी पेठेतली काकांची अभ्यासिका, अडीच वर्षं बसल्यावरचा रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो बाथरूमसाठी, ९० पोरांना दोनच आणि त्यातल्या एकाची कडी मी आलो तेव्हापासून तुटलेलीच आहे. बाकी मनापासून सांगतो, पुण्यात एमपीएससी करायला येणाऱ्या गरीब घरच्या पोराला यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसली नाही. नाव टाकत नाहीये कारण काकांनीच नको म्हणून सांगितलंय, शास्त्री रोडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याला काकांची अभ्यासिका विचारलं की तो वर बोट दाखवतो.

२४ तास उघडी असते, साध्या हॉलची फी महिना ११०० आणि एसीची १५००, लॉकर आहे, वायफाय ठीक चालतं, लाईट गेली तर इन्व्हर्टर दोन-अडीच तास ओढतो. मे महिन्यात साध्या हॉलमध्ये दुपारी बसवत नाही हे आधीच सांगून ठेवतो. माझी सीट खिडकीकडची, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, आणि समोरच्या प्लायवर आधीच्या कुणीतरी निळ्या पेनने लिहून ठेवलंय "फक्त ६ महिने", त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात परत "फक्त ६ महिने", आणि त्याच्याही खाली तेच काळ्या शाईने. मी काही लिहिलं नाही आणि पुसलंही नाही.

आता मेन मुद्दा, पैसा. मी हिंगोली जिल्ह्यातला, घरी दोन एकर कोरडवाहू. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं ३२००, मेसचे ३०००, अभ्यासिका ११००, वर टेस्ट सिरीज, रिचार्ज, चहा धरला की नऊ हजाराच्या खाली महिना निघत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता पण आमच्या वडिलांच्या हातात क्विंटलला ४१०० पडले, म्हणजे मी पुण्यात एक महिना राहिलो की घरचं दोन क्विंटलच्या वर सोयाबीन जातं. परीक्षा तीन महिने पुढे ढकलली तर साडेसहा क्विंटल, म्हणजे आमचं जवळपास निम्मं पीक. रस्त्यावर बसलेली पोरं टीव्हीवर बघून लोक म्हणतात ह्यांना अभ्यास नको, नुसता दंगा पाहिजे, त्यांनी एकदा हा हिशेब करून बघावा.

आमच्या हॉलमध्ये वाशिमकडचा एक दादा आहे, तो २०२१ पासून इथेच. पोरं रस्त्यावर का बसतात हे त्याने सांगितलेलं ऐकून मला पहिल्यांदा कळलं. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेची मूळ तारीख ५ एप्रिल २०२०, कोरोनामुळे पुढे पुढे जात ती १४ मार्च २०२१ वर आली आणि फक्त तीन दिवस आधी, ११ मार्चला, परत पुढे ढकलली. त्या दिवशी शास्त्री रोड भरून गेला, पोरं रस्त्यावर आडवी बसली, आणि मग २१ मार्चला पेपर झाला. दादा म्हणतो, "एवढं वर्ष कोणी हूं की चूं केलं नाही रे, पण त्या दिवशी खिशात पुढच्या महिन्याचं भाडं नव्हतं."

ऑगस्ट २०२४ ला तर मी स्वतः होतो. २५ तारखेला राज्यसेवा पूर्व आणि त्याच दिवशी आयबीपीएसचा बँक भरतीचा पेपर, वर कृषी सेवेच्या २५८ जागा ह्याच जाहिरातीत घ्या अशी मागणी. २० तारखेच्या रात्री साडेनऊला हॉलमध्ये मोजून अकरा जण उरले, बाकी सगळे खाली रस्त्यावर. बऱ्याच जणांनी विचारलं की २०२१ ला पेपर घ्या म्हणून बसले आणि आता पुढे ढकला म्हणून बसलेत, ह्यांना नक्की पाहिजे काय? अहो एकच पाहिजे. ज्याच्या घरी पैसा आहे तो बँकेचा पेपर सोडून देईल, ज्याच्या घरी नाही त्याला दोन्ही दारं ठोठवावी लागतात, त्याचं एक दार तुम्ही कॅलेंडर बघूनच बंद केलं तर तो चिडणारच. २२ ला आयोगाने पेपर पुढे ढकलला आणि शेवटी तो १ डिसेंबरला झाला. आमच्यातलेच काही जण त्यावर नाराज होते, तयारी पूर्ण झालेली आणि परत तीन महिन्यांचा खर्च अंगावर, त्यांचंही चुकीचं नव्हतं.

त्या रात्री काकांनी जे केलं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय. शटर अर्धं उघडं ठेवून खालीच खुर्ची टाकून बसले, मोबाईल चार्जिंगला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दिला, पाण्याचे जार खाली आणले, आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, "बसा, घोषणा द्या, पण दगडाला हात लावू नका, पोलीस स्टेशनला नाव गेलं तर उद्या चारित्र्य पडताळणीत अडकाल." हे बाहेरच्यांना कळत नाही. सरकारी नोकरीची आशा आहे तोवर हे पोरगं स्वतःच्या रागाला स्वतःच लगाम घालतं. मला काळजी वाटते ती वयाची अट ओलांडलेल्यांची, खुल्यातून ३८, राखीवमधून ४३. आमच्याकडचे दोघं तसे सीट सोडून गेले, लॉकरमधली पुस्तकं न घेता. २०२३ च्या तलाठी भरतीला ४६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, उरलेले गेले कुठे हे कोण विचारतं?

फीचं पण सांगतो. मागच्या वर्षी माझी दोन महिने थकली, काकांनी वहीत फक्त टिंब केलं आणि सगळ्यांसमोर कधी नाव घेतलं नाही. याआधी मी ज्या अभ्यासिकेत होतो तिथे ५ तारीख उलटली की खुर्चीवर चिठ्ठी चिकटवायचे. काकांचं देणं मी सोयाबीन विकल्यावर फेडलं.

मुलींसाठी वेगळा हॉल पहिल्या मजल्यावर, तिथलं बाथरूम चांगलं आहे असं ऐकलंय. सीट पाहिजे असेल तर १ तारखेच्या आधी या, सकाळी ७ नंतर काका खालीच असतात, आणि डिपॉझिट नसेल तर लाजू नका, तसं सरळ सांगा.