आधी ‘शाळा’ की आधी ‘कोसला’?

मे महिन्यात बहिणीचा फोन आला. भाचा बारावी होऊन इंजिनिअरिंगला पुण्याला निघालेला, भाची नववीत. दोघंही सेमी-इंग्रजीवाले, मराठी कादंबरीला हात न लावलेले. “एक चांगलं पुस्तक सांग, दोघं मिळून वाचतील,” ती म्हणाली. दोघांना मिळून एक, हे काही मला पटेना. नागपूरच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसतेच. कूलरसमोर सतरंजी टाकून मी मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पुन्हा वाचून काढल्या.

‘शाळा’ २००४ ची आणि तिच्यातलं वर्ष आणीबाणीचं, पण ती कालच लिहिल्यासारखी वाचता येते. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच सगळं सांगतो. सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही दोस्तमंडळी, आणि शिरोडकर. तिच्यासाठी क्लासच्या वाटेवर रेंगाळणं, ती एक वाक्य बोलली की आठवडाभर तेच उगाळत बसणं. पहिल्या दहा पानांतच मुलांची भाषा कानात बसते. शाळेतल्या शिव्याही आहेत, त्यावर बहिणीनं नाक मुरडलं. मी म्हटलं, तुझी पोट्टी रिक्षात याहून जास्त ऐकते. अडचण असली तर एकच, आणीबाणी म्हणजे काय हे मुलांना आधी पाच मिनिटं सांगावं लागतं. नाहीतर नरूमामाच्या बोलण्यातलं अर्धं डोक्यावरून जातं. आणि २०१२ मध्ये आलेला सिनेमा आधी दाखवू नका. जोशी मनातल्या मनात जे बोलतो ती खरी गंमत, ती पडद्यावर कितीशी येणार?

‘कोसला’चं तसं नाही. ती १९६३ ची. नेमाड्यांनी लिहिली तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते, आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही पंचवीसच वर्षांचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, धड काहीच न जमवता गावी परततो. गोष्ट म्हणावी तर एवढीच. बाकी सगळा खेळ ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’चा. मध्येच एका वर्षाची डायरी येते आणि नवखा वाचक बहुतेक तिथेच पुस्तक मिटतो.

मी ती पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी वाचली, पुण्यातच. तिथल्या रूमवर पहिल्याच आठवड्यात मी “जेवून राहिलो” म्हणालो आणि तिघं पोट धरून हसले. एकजण म्हणाला, “जेवून कुठे राहिलास, धर्मशाळेत?” पुढे सहा महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलायचो. घरी फोनवर मात्र आपोआप “काहून” यायचं. अशा दिवसांत पांडुरंग हाती लागला. त्याची बोली वऱ्हाडी नाही, खानदेशची आहे, पण पुण्यात बाहेरून आलेल्या पोराला जे अंगावर येतं ते त्याच्याही अंगावर येतं. तो त्या शहराची, प्राध्यापकांची, भाषणबाजीची टर उडवतो, तेव्हा मला माझ्या बाजूचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. मग मीही वर्षभर ‘उदाहरणार्थ’ बोलत फिरलो. मित्र वैतागले असणार.

आता वाचताना तो माज तेवढा भुलवत नाही. काही ठिकाणी चक्क रागही आला, जरा लाडावलेलं पोरगं आहे हे. पण धाकटी बहीण मनी जाते त्या पानांपाशी हसू थांबतं. वीस वर्षांपूर्वी ही पानं मी भराभर उलटली होती, हे आठवून वाईट वाटलं.

इंग्रजीतूनच वाचणाऱ्या मुलासाठी कोणीतरी ‘द कॅचर इन द राय’ सुचवतंच. १९५१ ची, शाळेतून काढलेला होल्डन न्यूयॉर्कमध्ये भटकतो ती. त्याचाही धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगानं गेलेला असतो, त्यामुळे ‘कोसला’शी तुलना होत राहते. चांगली आहे. पण पुण्याच्या मेसमध्ये वरणात मीठ शोधणाऱ्या आमच्या पोट्ट्याला होल्डनपेक्षा पांडुरंग जवळचा. आणि मूल सहावी-सातवीतलं असेल तर हे सगळं सोडा, प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ आणा. त्यातल्या छोट्या लंपनला तोड नाही.

तर माझा हिशेब असा. जे अजून वर्गातल्या बाकावर बसतंय त्याला ‘शाळा’. घर सोडलेल्याला ‘कोसला’, पण निघायच्या दिवशी नाही. ट्रॅव्हल्समध्ये बसताना पोरगं खुशीत असतं, तेव्हा पांडुरंगाची चिडचिड त्याला नुसती किरकिर वाटेल. चार महिने एकटं राहू द्यावं, मेस बदलून होऊ द्यावी, मग द्यावी. मुळात वाचायचीच सवय नसेल तर वय कितीही असो, सुरुवात ‘शाळा’नंच करा.

भाचीला बर्डीवरून ‘शाळा’ घेऊन दिली. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज, “मामा, हा जोशी तिला सांगून का नाही राहिला?” भाच्यासाठी माझीच ‘कोसला’ कपाटातून काढून ठेवलीय, दिवाळीत आला की देईन. तिच्यात समासात पानोपानी पेन्सिलीनं ‘अगदी!’ लिहिलेलं निघालं. पोरासमोर शोभा नको म्हणून खोडरबर घेऊन बसलो. मनीच्या पानांवर खोडायला काहीच नव्हतं.