गळती शोधणाऱ्या टीमला गावात बोलावलं: दोन रात्रींचा अनुभव

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. इथं बोअर मारा की विहीर खोदा, पाणी खारंच लागतं. वान, काटेपूर्णा अशा धरणांचं पाणी पाइपानं खेड्यांत येतं, त्यावर या पट्ट्यातल्या चुली चालतात. आमच्या टाकीत पाणी येतं चौथ्या दिवशी. त्यातलं किती जमिनीत मुरतं हे या एप्रिलमध्ये पहिल्यांदा मोजलं गेलं. आवाजावरून गळती शोधणारी दोन जणांची टीम आम्ही बोलावली होती, त्यांच्या कामाबद्दल हे लिहिते आहे. ज्या गावांना बोलवायचं असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, कारण निम्मं काम गावालाच करावं लागतं.

मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आहे. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट शिकवलं, त्यातली एक मी. संशय तिथूनच आला. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकल्यावर मी जागोजागी ओटीचे थेंब टाकून पाहते; पाण्यात क्लोरीन उरलेलं असलं की ते पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाचं पाणी छान पिवळं व्हायचं, बेघर वस्तीतल्या शेवटच्या नळाचं मात्र तसंच राहायचं. टीसीएल वाढवलं तर अलीकडच्या घरांना वास मारू लागला, टोकाला तरी रंग नाहीच. त्या वस्तीत पाणी सुरू झालं की पहिली दहा मिनिटं गढूळ यायचं. बायका ते नालीत सोडून द्यायच्या आणि मग भरायला बसायच्या.

दुसरी गोष्ट आडाची. मारुतीच्या देवळामागे जुना आड आहे, खारा म्हणून कुणी वापरत नाही. यंदा भर उन्हाळ्यात त्याचं पाणी वर आलं आणि चवीला गोडसर लागू लागलं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, मीही वाहिलं. घरी येऊन त्याच पाण्याची क्लोराइडची तपासणी केली तर क्षार मागच्या वर्षीपेक्षा बरेच कमी. रात्रभर मला झोप नाही. गोड पाणी आडात येणार कुठून? आपल्याच पाइपातून.

मग टीमचा शोध घेतला. फोनवर त्यांनी दराच्या आधी प्रश्न विचारले, हे मला आवडलं. पाइप लोखंडी, सिमेंटचा की प्लास्टिकचा? टाकी जमिनीपासून किती उंच? रात्री लाइनमध्ये पाणी उभं राहतं का? पाइपाच्या भोकातून दाबानं पाणी निसटतं तेव्हाच त्याचा आवाज होतो, रिकामा पाइप काही बोलत नाही. किमान एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब हवा म्हणाले, म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा. आमची टाकी 12 मीटर उंच, म्हणजे दाब जेमतेम सव्वा किलोच्या आसपास. तोही सगळ्या तोट्या बंद असल्या तरच. दिवसा नळ सुटले आणि टिल्लू मोटारी लागल्या की दाब उरतच नाही. म्हणून काम रात्रीचं, आणि त्यासाठी भरलेली टाकी राखून ठेवायची.

चौथ्या दिवशी येणारं पाणी राखून ठेवा, हे गावाला सांगायला मीच घरोघर फिरले. एका आजीनं मला दारातच अडवलं, ‘काऊन वं बाई, पानी येऊन नाही राह्यलं अन् तू नळ बंद कराले सांगतं?’ तिचं काही चुकत नव्हतं. पुढच्या घरी, ‘आमच्या नळाले तोटीच नाही, बंद कायची करू?’ अशी घरं निघाली 23. समितीनं तोट्या आणून बसवल्या. त्या तोट्यांनीच थोडं पाणी वाचलं असेल, पण तो वेगळा विषय.

पहिल्या रात्री साडेअकराला टीमनं सगळ्यात आधी टाकीतलं पाणी मोजलं. टाकीचा आतला व्यास 5 मीटर, म्हणजे पाणी 10 सेंटीमीटर उतरलं की जवळपास 1,960 लिटर गेलं. व्हॉल्व्ह उघडला, लाइन भरू दिली आणि मग दोन तास नुसतं बसून राहिलो. गावात एकही तोटी उघडी नसताना पाणी 34 सेंटीमीटर उतरलं. हिशेब मी स्वतः वहीत केला. तासाला 3,300 लिटरच्या वर. सरकार माणशी रोजचे 55 लिटर धरतं. म्हणजे 60 माणसांचं दिवसाचं पाणी आमची जमीन एका तासात पीत होती. आमचे व्हॉल्व्ह सोडणारे काका तिथंच खाली बसले. 19 वर्षं ते पाणी सोडत आहेत. लोकांच्या शिव्या त्यांनीच खाल्ल्या आहेत.

यंत्रं तीन प्रकारची. एक लोखंडी काठी, वर कान लावायला वाटी. ती नळाच्या लोखंडी पाइपावर, व्हॉल्व्हवर टेकवून ऐकायचं. काका म्हणाले, ‘हे तं मी सब्बल लावून करतो,’ आणि खरंच करतात, टीमनंही मान डोलावली. दुसरं, जमिनीवर ठेवायचा मायक्रोफोन, त्याला कानावरचे हेडफोन. तिसरं कोरिलेटर. पाइपावर दोन ठिकाणी सेन्सर चिकटवायचे आणि गळतीचा आवाज कुठल्या सेन्सरला आधी पोचला ते यंत्र काढतं.

त्यांनी हेडफोन मला दिले तो क्षण सांगते. देवळाच्या वळणावर मायक्रोफोन ठेवला होता. आधी कुत्रं, मग डीपीची घरघर, मग माझ्याच चपलेचा आवाज. ‘ताई, हलू नका, श्वासही हळू घ्या,’ टीममधला पोरगा म्हणाला. मग सगळ्याच्या खालून एक बारीक फुसफुस आली, न थांबणारी. शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तशी. मायक्रोफोन दोन पावलं सरकवला तर बारीक झाली, परत आणला तर मोठी. आडापासून ती जागा 11 पावलांवर होती. मी हेडफोन काढले नाहीत, तसेच डोळे पुसले.

सकाळी टिकास आणि फावड्यानं उकरलं. सव्वा मीटरवर 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्याच्या जोडाला बोटभर चीर, आणि चिरेखाली एक टोकदार दगड. आमची काळी भारी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाइपाला वर-खाली ओढत राहते. त्यात पाइपाखाली बारीक मुरूम घातलेला नव्हता, त्यामुळे सगळा भार दगडावर. पाणी वर आलंच नाही, भेगांमधून सरळ आडात उतरलं. ज्यांना वाटतं की गळती असती तर चिखल दिसला असता, त्यांनी आमच्या मातीत मे महिन्यात हात घालून पाहावा. अख्खं कोपर आत जातं.

गढूळ पाण्याचं कारणही तिथंच कळलं. नळ बंद होऊन पाइप रिकामा व्हायला लागला की तीच चीर बाहेरचं ओढून घेते. नाली तिथून हातभर. त्यातलं पाणी लेकरांनी प्यायलं या विचारानं अजूनही पोटात कालवतं. टीसीएल कुठं संपत होतं तेही समजलं.

आता जे चुकलं ते. दुसऱ्या रात्री बेघर वस्तीच्या लाइनवर दोन व्हॉल्व्हमध्ये कोरिलेटर लावला. अंतर 96 मीटर. अलीकडच्या व्हॉल्व्हला आवाज 0.04 सेकंद आधी पोचला. यंत्रात प्लास्टिकचा पाइप धरून आवाजाचा वेग सेकंदाला 450 मीटर टाकला होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अंतरातला फरक 18 मीटर, आणि गळती अलीकडच्या व्हॉल्व्हपासून 39 मीटरवर. तिथं दोन मजूर दुपारपर्यंत उकरत राहिले. पाइप कोरडा ठणठणीत. लोक जमले, बोलायचं ते बोलले.

मग काकांना आठवलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी ट्रॅक्टरनं लाइन फुटली तेव्हा पलीकडच्या व्हॉल्व्हजवळ रस्त्याखाली 12 मीटर लोखंडी पाइप टाकला होता. लोखंडी पाइपातून आवाज प्लास्टिकपेक्षा अडीच-पावणेतीन पटीनं जोरात धावतो. यंत्राला तो तुकडा ठाऊक नव्हता. पोरानं तो घालून हिशेब पुन्हा केला आणि जागा अलीकडे सरकली, पावणेचार मीटर. मायक्रोफोननं खात्री केली, उकरलं, तर एका घरच्या जोडणीचं सॅडल, म्हणजे मुख्य पाइपावर आवळलेला पट्टा, सैल होऊन फवारा उडत होता. चूक कुणाची म्हणाल तर आमची. गावाकडे पाइपलाइनचा नकाशाच नाही, सगळं काकांच्या डोक्यात. पण टीमनंही सुरू करायच्या आधी काकांना शेजारी बसवून तासभर विचारायला हवं होतं. एक चांदणी मी त्यासाठीच कापते. पाचपैकी चार.

आणखी दोन तक्रारी. अहवाल इंग्रजीत आला, तो मासिक सभेत मला तोंडी समजावून सांगावा लागला. आणि उकरणं, जोडणं, सामान हे त्यांच्या दरात नाही, हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगायला हवं होतं. दर दोन रात्रींचा 18,000 रुपये, जाण्यायेण्यासह. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून दिला. ‘अख्खी गल्ली नवीन टाका’ म्हणणाऱ्यांचा अंदाज लाखांत होता.

दुरुस्तीनंतर आम्हीच पुन्हा टाकी मोजली. दोन तासांत 7 सेंटीमीटर, म्हणजे तासाला 700 लिटरच्या आत. शून्य नाही, पण कुठं 3,300 आणि कुठं हे. बेघर वस्तीत आता हंडा आधीच्या निम्म्या वेळात भरतो. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी टाकला तेव्हा भोवती सहा-सात बायका होत्या. रंग फिका आला, पण आला. आडाचं पाणी परत खाली गेलं आहे.

बोलवणार असाल तर आधी एक संध्याकाळ जुन्या व्हॉल्व्हवाल्यासोबत गावभर चाला आणि पाइप कुठून जातो, कशाचा आहे, ते कागदावर उतरवा. तोट्या बसवा. लग्नसराईत तारीख घेऊ नका, डीजेपुढे यंत्राचं काही चालत नाही. आमच्याकडे त्यांनी तिसरी जागाही दाखवली आहे, शाळेसमोरच्या सिमेंट रस्त्याखाली. तिथं खुणेची लाल फुली अजून आहे. रस्ता फोडायचा ठराव झाला, पण आता पाऊस लागला आणि काळ्या मातीत खड्डा उभा राहत नाही. पोळा झाला की उकरू.